तांबडी काच, जुने दागिने आणि लिलाव: सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी, संकेश्वर, इकडे हल्याळ-कारवार आणि तिकडे पार भालकी-बीदरपर्यंत जुनी घरं उतरवायचं काम जोरात सुरू आहे. माळ्यावरचं सामान खाली येतं, वाटण्या होतात आणि मग फोन सुरू होतात. जुन्या घरगुती वस्तू पाहून लिलावासाठी त्यांची यादी करायची, हे माझं काम. मी सराफ नाही आणि वकीलही नाही. पण तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत.

तांबडी काच म्हणजे नेमकी कुठली? सगळीच महाग असते का?

सगळी नाही. काचेला तांबडा रंग द्यायच्या निरनिराळ्या रीती आहेत, आणि किंमतीचा पहिला निकाल तिथेच लागतो.

सगळ्यात मानाची ती सोन्याची. काचेच्या मिश्रणात सोन्याचं द्रावण अगदी थोडं घालतात. गंमत अशी की ही काच पहिल्यांदा थंड झाल्यावर जवळपास बिनरंगी दिसते. ती पुन्हा तापवली की आतले सोन्याचे सूक्ष्म कण वाढतात आणि मग तांबडा रंग चढतो. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीत पोट्सडामजवळ योहान कुंकेल या रसायनकाराने ही काच हुकमी बनवून दाखवली. सोन्याच्या अशा बारीक कणांवर मायकेल फॅरडेने १८५० च्या दशकात प्रयोग केले. पुढे याच प्रकारच्या अभ्यासासाठी रिचर्ड झिग्मोंडी यांना १९२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. याच काचेचा फिका, गुलाबीकडे झुकणारा अवतार व्हिक्टोरियाच्या काळात इंग्लंडमध्ये फार चालला. लिलावाच्या यादीत त्याला ‘क्रॅनबेरी’ म्हणतात.

दुसरी तांब्याची. रंग गडद, रक्तासारखा, कधी तपकिरीकडे जाणारा. तिसरी काच मुळात पांढरी, म्हणजे बिनरंगी असते आणि वरून फक्त तांबडा थर दिलेला असतो. बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, फ्रीडरिश एगरमान याने १८३० च्या दशकात तांब्यापासून असा लाल मुलामा तयार केला आणि तो थर कोरून काढलेल्या नक्षीच्या बाटल्या-पेले जगभर गेले. चौथी सेलेनियमची, किंचित नारिंगी झाक असलेली. ही विसाव्या शतकातली समजायची.

या काचेत सोनं असतंय म्हणे. वितळवून काढता येईल काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. एक किलो काचेत एक ग्रॅमही सोनं नसतं, आणि ते काढायचा खर्च त्या सोन्यापेक्षा जास्त. अख्खी वस्तू मात्र चार पैसे देऊन जाईल. कोणी ‘सोन्याची काच’ म्हणून वजनावर घ्यायला दारात आला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

घरच्या घरी कसं ओळखायचं?

वस्तू खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात न्या. ट्यूबलाइटखाली रंग फसवतो. आधी काठ बघा, मग बूड, मग जिथे जिथे नक्षी कोरलेली आहे ती जागा. कोरलेल्या जागी पांढरी काच उघडी पडली असेल तर वरून थर दिलेला आहे. हा थर जाड काचेचा असू शकतो किंवा नुसता मुलामा. काठाला नख लावून पाहिलं तर जाड थराची पायरी लागते, मुलाम्याला लागत नाही. काच आरपार तांबडी असेल तर जाड भागात रंग गडद आणि पातळ भागात फिका दिसतो.

शहापूरच्या एका घरातून आलेली अत्तराची बाटली उदाहरण म्हणून सांगतो. वीतभर उंच, तांबडी, अंगावर द्राक्षाची पानं कोरलेली, पानं पांढरी. घरच्यांना वाटत होतं की ती सोन्याच्या काचेची आहे. पण मानेपाशी, जिथे पिढ्यान्‌पिढ्या बोटं लागली, तिथे तांबडा रंग विरळ होऊन मधाच्या रंगावर गेला होता. म्हणजे मुलामा. खरी चांगली बातमी बुचात होती. काचेचं बूच उपटून खालच्या टोकाला भिंग लावलं तर घासून लिहिलेला बारीक आकडा दिसला आणि तोच आकडा बाटलीच्या तोंडाच्या आतल्या कडेला. बूच त्या बाटलीसाठीच घासून बसवलेलं होतं, दुसऱ्या बाटलीचं आणून घातलेलं नव्हतं. मूळ बूच असलेली बाटली आणि उसन्या बुचाची बाटली यांच्या भावात मोठं अंतर पडतं.

बुडाखालची झीजही बघा. वर्षानुवर्षं फळीवर सरकवलेल्या वस्तूला टेकणाऱ्या कडेवर उलटसुलट, लहानमोठे ओरखडे असतात. सगळे एकाच दिशेने, एकाच खोलीचे असतील तर ते पॉलिश पेपरचं काम. बुडाच्या मध्यावर काच तोडल्याची खरबरीत किंवा घासून गुळगुळीत केलेली खूण असेल तर वस्तू फुंकून केलेली असण्याचा संभव जास्त. दोन्ही बाजूंनी वरपासून खालपर्यंत शिवण गेली असेल तर साच्यातली. साच्यातली म्हणजे टाकाऊ असं नव्हे, फक्त अपेक्षा बेताच्या ठेवायच्या.

आमच्या वाड्यात बेल्जियमची टांगती काचेची हंडी आहे. किती येतील?

आपल्याकडे प्रत्येक जुना आरसा आणि प्रत्येक हंडी बेल्जियमचीच असते! प्रत्यक्षात दिवाणखान्यातल्या हंड्या-झुंबरं इंग्लंड आणि बोहेमियातूनही भरपूर आली. बर्मिंगहॅमच्या ऑस्लर कंपनीची तर कलकत्त्यात स्वतःची पेढी होती आणि संस्थानिकांच्या वाड्यांतली झुंबरं तिथून जात. सांगली, जमखंडी, रामदुर्ग ही संस्थानं जवळच, आणि शहापूर तर सांगलीकरांचंच. तेव्हा चांगला माल या पट्ट्यात आला, यात नवल नाही.

हंडीत पाहायचं ते असं: वरचा काठ घासून सपाट केलेला आहे का, साखळ्यांची पितळी कडी मूळची आहे का, आतल्या तेलाच्या वाटीसाठीची बैठक शाबूत आहे का. जोडी असेल तर जोडीनेच द्या. भावाभावांत एकेक वाटून घेतलेली हंडी निम्म्याहूनही कमी भावाची होते. हल्ली फिरोजाबादमध्ये जुन्या घाटाच्या हंड्या नव्याने बनतात आणि पितळी साज काळवंडून देणारेही भेटतात. त्यामुळे ‘माळ्यावर होती’ एवढ्यावर कोणी बोली लावत नाही.

आजोबा रेल्वेत होते. तांबड्या-हिरव्या काचेचा कंदील आहे. त्याला कोण घेणार?

घेणारे आहेत, आणि हौशी आहेत. सदर्न मराठा रेल्वे १८८२ ला स्थापन झाली, १९०८ मध्ये मद्रास रेल्वेशी एक होऊन ‘एम अँड एस एम’ झाली. लोंढा-बेळगाव-मिरज हा तिचाच मार्ग. कंदिलाच्या पत्र्यावर या कंपनीची अक्षरं ठोकलेली असतील, आतली फिरणारी तांबडी-हिरवी काच मूळची असेल आणि बर्नर जागेवर असेल, तर भाव अक्षरांना आणि काचेला मिळतो. पत्र्यावर नवा रंग मारू नका. मात्र ही वस्तू घरात कशी आली ते सांगता आलं पाहिजे. निवृत्तीच्या वेळी मिळाली, भंगाराच्या विक्रीत घेतली, जे असेल ते लिहून द्या.

नथीतला, वज्रटीकेतला तांबडा खडा खरं माणिक की काच?

जुन्या दागिन्यात चार शक्यता असतात: माणिक, लाल (म्हणजे स्पिनेल), गार्नेट नाहीतर काच. पाचवी शक्यता लोक विसरतात. ती म्हणजे कृत्रिम माणिक. ऑग्युस्त व्हेर्नॉय या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १९०२ मध्ये ज्वालेत माणिक पिकवायची रीत जाहीर केली आणि पुढच्या काही वर्षांत ते खडे जगभर स्वस्तात मिळू लागले. तेव्हा ‘आजीच्या लग्नातलं आहे, त्या काळी कुठे नकली होतं’ हा युक्तिवाद १९२०-३० च्या दागिन्याला लागू पडत नाही. स्पिनेलच्या बाबतीत तर राजेरजवाडेही फसलेले आहेत. ब्रिटिश राजमुकुटातला ‘ब्लॅक प्रिन्सचा माणिक’ प्रत्यक्षात स्पिनेल आहे.

दहापट भिंगातून पाहिलं तर काचेत गोल बुडबुडे आणि कडांची झीज दिसते. काच माणकापेक्षा कितीतरी मऊ, त्यामुळे पैलूंच्या धारा गोलसर होतात. माणिक कठीणपणात हिऱ्याच्या खालोखाल, त्याच्या धारा शंभर वर्षांनीही तीक्ष्ण असतात. ज्वालेतल्या कृत्रिम माणकात आत वक्र रेषा दिसतात, नैसर्गिक माणकात रेषा सरळ असतात. अतिनील टॉर्चखाली बर्मी माणिक लालभडक चमकतं, काच आणि गार्नेट तसं चमकत नाहीत. पण कृत्रिम माणिकही तसंच चमकतं. म्हणजे टॉर्चने काच बाजूला काढता येते, खरं-कृत्रिम हा निवाडा होत नाही. मोठा खडा असेल तर मुंबई किंवा जयपूरच्या रत्नप्रयोगशाळेचं प्रमाणपत्र घ्या. बारीक खड्यांसाठी तो खर्च अंगावर येतो.

कोल्हापुरी साजाला परंपरेने एकवीस पानं असतात, त्यात एक माणकाचं आणि एक पाचूचं. या दोन पानांत काच बसवलेली मला नेहमी दिसते आणि त्याने साजाची किंमत फारशी घटत नाही. पानांचं काम, जव, मणी आणि मूळ घडण यांनाच तिथे किंमत आहे.

साज, बोरमाळ, पुतळ्या मोडीत घालाव्या की लिलावात द्याव्या?

सोनार मोडीत घेतो तेव्हा सोन्याचे पैसे देतो, घडणीचे नाही. शिवाय बोरमाळेचे मणी आतून पोकळ आणि लाखेने भरलेले. लाखेचं वजन वजा होतं आणि किती वजा करायचं यावर सराफाच्या गादीवर अर्धा तास जातो. साधी, चेपलेली, दोनदा गाठवलेली माळ असेल तर मोडच बरी. लिलावात तिला कोणी विचारणार नाही.

घडण मात्र ठसठशीत असेल, पुतळ्यांवरचे ठसे स्पष्ट असतील, मागचं रेशीम किंवा जुनी गाठवण टिकून असेल, तर मोडू नका. कोल्हापूरच्या गुजरीत नाहीतर बेळगावच्या सराफाकडे त्या दिवसाचा मोडीचा भाव काढा. तो तुमचा तळ. लिलावात राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली वस्तू विकायची नाही ती रक्कम, त्याच्या वर ठेवायची. त्याखाली वस्तू देण्यात काही अर्थ नाही.

दागिन्यावर हॉलमार्क नाही. विकता येईल का?

येईल. हॉलमार्कची सक्ती विकणाऱ्या सराफांवर आहे. १ एप्रिल २०२३ पासून त्यांना एचयूआयडीशिवाय, म्हणजे दागिन्याच्या सहा अक्षरी-अंकी ओळख क्रमांकाशिवाय, सोन्याचा नवा दागिना विकता येत नाही. घरातला जुना दागिना विकणाऱ्यावर ती सक्ती नाही. कस लागेल, एवढंच. पण जुन्या दागिन्यावर आता ठसा मारून घेऊ नका, घडण खराब होते.

देण्याआधी घासून-पुसून चकचकीत करून देऊ का?

नको. हात जोडून सांगतो, नको. रांगोळी, राख, चिंच, लिंबू, ब्रासो, यातलं काहीही नको. काचेवरची सोनेरी कड बऱ्याचदा वरवरची असते, ती एका घासणीत जाते आणि पुन्हा येत नाही. काच धुवायचीच असेल तर प्लास्टिकच्या टबात खाली टॉवेल घालून, कोमट पाण्यात, एकेक. थंड काचेवर गरम पाणी ओतलं की ती तडकते. बंद कोंदणातल्या खड्याला तर पाण्याचा थेंबही लावू नका. खड्याच्या मागे चमकता पत्रा असतो, तो ओलाव्याने काळा पडला की खडा मेल्यासारखा दिसतो. लाखेचा दागिना गरम पाण्यापासून आणि उन्हापासूनही लांब.

खानापूर, कणकुंबीकडच्या पावसात काच वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेली असेल तर शाई आणि ओल दोन्ही चिकटतात. कोरा पांढरा कागद वापरा.

घरची कथा सांगितली तर किंमत वाढते का?

कथेने नाही, कागदाने. ‘पेशव्यांनी दिली’ हे मी यादीत लिहीत नाही. पण लग्नाची याद, वाटणीचा कागद, दुकानाची पावती, दिवाणखान्याचा फोटो ज्यात ती हंडी टांगलेली दिसते, यातलं काही असेल तर चित्र पालटतं. आपल्या भागातली जुनी बाडं मोडी लिपीत असतात. घरातल्यांना वाचता येत नाहीत म्हणून ती रद्दीत जातात आणि वस्तू मात्र जपून ठेवलेली असते. उलट करा! मोडी वाचणारे बेळगावात आणि कोल्हापुरात आहेत. वाचून घ्या आणि मूळ कागद वस्तूसोबत ठेवा.

लिलावात हातात किती पडतं?

अंदाजित किंमत, राखीव किंमत आणि हातोड्याची किंमत या तीन वेगळ्या गोष्टी. हातोडा ज्या रकमेवर पडतो त्यातून विकणाऱ्याचं कमिशन, फोटो, विमा, वाहतूक असं काय काय वजा होतं. घेणाऱ्याला हातोड्याच्या वर प्रीमियम, म्हणजे लिलाव करणाऱ्याचा जादा आकार, भरावा लागतो. समजा हातोडा ४०,००० वर पडला आणि प्रीमियम २० टक्के आहे. ८,००० प्रीमियम, त्यावर १८ टक्क्यांनी १,४४० जीएसटी, म्हणजे घेणाऱ्याचे ४९,४४०. वस्तूवरचा कर लागत असेल तर तो वेगळा. बोली लावणारा हा हिशेब मनात करूनच हात वर करतो, म्हणून तुमच्या वस्तूला ‘बाजारात पन्नास हजार’ असूनही चाळीसच येतात.

करारात दोन ओळी नीट वाचा: वस्तू परत घेतली तर काय आकार लागेल, आणि विक्रीनंतर पैसे किती दिवसांत मिळतील. वस्तू ‘आहे त्या स्थितीत’ विकली जाते. म्हणून कपचा, तडा, डिंकाने जोडलेला कान, सगळं आधीच सांगा. लपवलेला तडा शेवटी बाहेर येतोच.

दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम एका व्यवहारात रोख घेऊ नका. रोख रक्कम घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो.

सोसायटीच्या, म्हणजे पतसंस्थेच्या, तारण दागिन्यांच्या लिलावात जुनं काही सापडतं का?

क्वचित. तिथे सगळा हिशेब वजनाचा आणि कसाचा. पाहायला वेळ थोडा, परतीचा प्रश्नच नाही. लाखेचं वजन कसं धरलंय ते विचारूनच बोली लावा. आणि तुमचेच दागिने लिलावात गेले असतील तर कर्ज, व्याज आणि खर्च वजा जाता उरलेली रक्कम तुमची असते. ती मागा.

शंभर वर्षांपूर्वीची वस्तू विकायला परवानगी लागते का?

१९७२ चा पुरावस्तू कायदा १९७६ पासून लागू आहे. ऐतिहासिक किंवा कलात्मक महत्त्वाची, किमान शंभर वर्षांची वस्तू त्यात येते. हस्तलिखितांना ७५ वर्षांची अट आहे. अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. पाठवली तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि दंड. दुबईच्या किंवा लंडनच्या पाहुण्याच्या बॅगेत हंडी घालण्याआधी हे लक्षात घ्या. देशात विकता येते, पण पुरावस्तूंचा धंदा करणाऱ्याकडे परवाना हवा. जुन्या मूर्ती, चित्रं, सचित्र पोथ्या यांची नोंदणी लागते. देवघरातली धातूची मूर्ती विकायला निघालात तर आधी ती नोंदणी बघा. देवळातली वस्तू असेल तर मी हातच लावत नाही.

पाया खणताना हंड्यात काही सापडलं तर ते आपोआप तुमचं होत नाही. जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं.

भावकीत वाटणी झालेली नाही. मी एकटा देऊ शकतो का?

नाही. सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या आणा, बहिणींच्याही. २००५ पासून मुलींचा वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतकाच हक्क आहे. आईचं, आजीचं स्त्रीधन तर वाड्याच्या वाटणीत धरताच येत नाही. हातोडा पडायच्या आदल्या रात्री हुबळीहून काकांचा फोन येतो आणि सगळं थांबतं, असं होतं.

वस्तू बेळगावहून कोल्हापूर-पुण्याला नेताना कोगनोळी नाक्यावर अडवतात का?

एरवी नाही. आचारसंहिता लागली की तपासणी कडक होते. दागिने आणि पन्नास हजारांवर रोकड जवळ असेल तर कागद दाखवावे लागतात. यादी, फोटो, लिलावाशी झालेल्या पत्रव्यवहाराची प्रत आणि आधार जवळ ठेवा. कागद कन्नडमध्ये असतील तर पुण्यासाठी मराठी किंवा इंग्रजी प्रतही सोबत ठेवा, पुढचा वेळ वाचतो.

पार्सलने पाठवलं तर चालेल?

काच बसच्या पार्सलमध्ये टाकू नका. स्वतः न्या. नाहीच जमलं तर खोक्यात खोकं, मधे चारी बाजूंनी बोटभर जाडीचा फोम, बूच आणि बाटली वेगवेगळी, आणि हंडीच्या पोटात काहीही कोंबायचं नाही.

कर किती?

दागिने भांडवली मालमत्तेत मोडतात. २४ महिन्यांपेक्षा जास्त काळ घरात असलेला दागिना २३ जुलै २०२४ किंवा त्यानंतर विकला तर नफ्यावर १२.५ टक्के, महागाईची वजावट नाही. वारशाने आलेल्याची खरेदी किंमत म्हणजे मूळ मालकाची. खरेदी १ एप्रिल २००१ पूर्वीची असेल तर त्या दिवशीची बाजारकिंमत धरता येते, त्यासाठी मूल्यांकनाचा दाखला करून घ्या. काचेच्या शोभेच्या वस्तूंचं काय, ते वस्तू बघून सीए सांगेल.

वस्तू विकलीच गेली नाही तर?

राखीव किंमत गाठली नाही की ती परत येते. लगेच दुसऱ्या लिलावात घालू नका. घेणारे मोजकेच असतात आणि त्यांना ती वस्तू आठवते. वर्षभर थांबा, राखीव किंमत थोडी उतरवा, नाहीतर जोडी, बूच, कागद असं जे कमी होतं ते घरात शोधा. तांबड्या हंडीची दुसरी जोड देवघराच्या मागच्या कोनाड्यात, भाताच्या तुसात पुरून ठेवलेली अशी सापडलेली मी पाहिली आहे.